गिलिनॉरची पायवाट : लम्ब्रिज ते क्रँडॉर

आषाढ, शुक्रवार रात्र. लम्ब्रिज

पुण्यात साडेनऊ, दुबईत आठ, टोरांटोत भर दुपारचे बारा. सांगलीत घड्याळ पुण्याचंच, पण पावसामुळे वीज सारखी ये-जा करत होती. शेवटी चौघंही आत आलो. ट्युटोरियल आयलंडवरच्या पहिल्या खोलीत चार बाहुल्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. कॉलवर मिनिटभर कुणी काही बोललंच नाही, मग सगळे एकदम बोलायला लागले.

हा खेळ आम्हाला भेटला तो कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत. शिकवणी सुटली की तिथे जायचो. तिथल्या संगणकांना मोठे खेळ झेपत नसत. रूनस्केप मात्र ब्राउझरच्या खिडकीत जावावर चालायचा, काही उतरवून घ्यावं लागत नसे आणि त्याचा बराच भाग फुकट होता. पुढे कॉलेजं वेगळी झाली आणि खेळ सुटला.

आम्ही ज्यात परतलो तो आहे ओल्ड स्कूल रूनस्केप, आणि तो अस्तित्वात आहे हेच मोठं नवल आहे. मूळ खेळ २००१ साली इंग्लंडमधल्या गोवर बंधूंनी आणला. केंब्रिजची जॅगेक्स ही कंपनी तो वाढवत राहिली. नोव्हेंबर २०१२ मध्ये लढाईची पद्धत मुळापासून बदलली गेली आणि जुन्या खेळाडूंना आपलं गाव परकं वाटू लागलं. कंपनीकडे ऑगस्ट २००७ ची एक प्रत जपलेली होती. ती पुन्हा सुरू करावी का, असं लोकांनाच विचारलं. साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली आणि २२ फेब्रुवारी २०१३ रोजी जुनं जग उघडलं. आजही त्यात काही नवं घालायचं तर खेळाडूंचं मतदान होतं. आधी ७५ टक्के होकार लागायचा, २०२२ पासून ७० पुरतो. एखादी जागा तिथे वावरणाऱ्यांच्या मताने राखली जाते, याचं मला फार अप्रूप आहे.

जग परत मिळालं, पण त्यातली आमची जुनी कमाई नाही. इथे सगळ्यांनाच शून्यापासून सुरुवात करावी लागली. बेटावर कोळंबी पकडली, पाव भाजला, तांब्या-कथलाची सुरी घडवली, मोठा उंदीर मारला आणि गिलिनॉर नावाच्या या जगात, लम्ब्रिजच्या वाड्यासमोर उतरलो.

शनिवार. लम्ब्रिज

आज दिवसभर एका केकची जुळवाजुळव. वाड्याच्या मुदपाकखान्यातल्या आचाऱ्याला सरदार होराशियोच्या वाढदिवसाचा केक करायचाय आणि त्याच्याकडे अंडं, दूध, पीठ यांतलं काहीच नाही. रूनस्केपमध्ये बहुतेकांची ही पहिली कामगिरी असते. इतर अशा खेळांत आरंभीच जग वाचवायला पाठवतात, इथे दूध आणायला. पुढच्या सगळ्या खेळाचा स्वभाव मला यातच दिसतो.

पिठाची पद्धत बघण्यासारखी आहे. शेतातून गहू तोडायचा, पवनचक्कीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर न्यायचा, चाडीत टाकायचा, दांडा ओढायचा, मग जिने उतरून तळमजल्यावर यायचं आणि मडक्यात पीठ भरून घ्यायचं. यातली एकही पायरी गाळता येत नाही.

सांगलीकराची मुलगी त्याच्या मांडीवर येऊन बसली होती. गाय दिसल्यावर तिने माऊस हातात घेतला तो सोडलाच नाही. "बाबा, तू थांब, मी काढते दूध." तिने त्याच्यासाठी काढलंच, शिवाय आमच्यासाठीही बादल्या भरभरून दिल्या. दुबईकराच्या घरून काकूंचा आवाज आला, "अरे, जेवायला चल, आमटी गार होतेय." तो उठला नाही. शेवटी काकूच मागे येऊन उभ्या राहिल्या आणि "ही कसली गाय रे, शिंगं कुठायत?" म्हणून विचारू लागल्या.

रविवार. वॅरॉकची वाट

लम्ब्रिजहून वॅरॉकला चालत निघालो. सुरुवातीला सगळा प्रवास पायीच करावा लागतो. पळायची शक्ती मर्यादित असते. ती संपली की पावलं मोजत जायचं आणि भरायला वेळ द्यायचा. लम्ब्रिजला परत नेणारा एक मंत्र आहे, पण तो एकदा वापरला की पुढचा अर्धा तास मिळत नाही.

वॅरॉकच्या दक्षिणेला दगडांचं एक वर्तुळ आहे, तिथे काळे जादूगार फिरतात. सातव्या आणि विसाव्या पातळीचे. नवख्याला लांबूनच मंत्राने टिपतात. सांगलीकर तिथे पडला. मेल्यावर माणूस लम्ब्रिजला जिवंत होतो. तीन सगळ्यात मौल्यवान वस्तू त्याच्याजवळ राहतात, बाकीच्या त्याच्या थडग्यात, आणि थडगं टिकतं पंधरा मिनिटं. तो पुन्हा चालत निघाला. आम्ही तिघं पुढे गेलो नाही. वर्तुळाच्या बाहेर रस्त्यावर उभे राहिलो आणि त्याला सांगत राहिलो, आता पूल ओलांड, आता उजवीकडचं कुंपण धर. तो पोचला तेव्हा टोरांटोकर मुद्दाम आत शिरली आणि जादूगारांना तिने आपल्या अंगावर घेतलं. तेवढ्यात त्याने सामान उचललं. मग चौघंही धूम पळालो.

वॅरॉकचा ग्रँड एक्सचेंज हा आडत्यांचा बाजार. माल आणि भाव लिहून द्यायचा, समोरचं गिऱ्हाईक जुळलं की सौदा होतो. आमच्या वेळी हा नव्हता. लोक बँकेबाहेर उभं राहून ओरडायचे, अक्षरं लाटेसारखी हलवायचे, आणि भाव तोंडी ठरायचा. मला ती पद्धत जास्त आवडायची, कारण अनोळखी माणसाशी बोलल्याशिवाय काही विकत घेताच यायचं नाही. दुबईकराला हे पटत नाही. त्याच्या मते दिवसभर साइटवर घासाघीस केल्यावर रात्री पुन्हा तीच कुणाला हवी असते!

श्रावण, मधलाच एक बुधवार. ड्रेनॉर

गेले कित्येक दिवस मुक्काम ड्रेनॉरला आहे. नदीकाठी विलोची झाडं, दोन पावलांवर बँक. लाकूडतोडीची तिसावी पातळी आली की विलो तोडता येते. एकदा टिचकी मारायची, बाहुली कुऱ्हाड चालवत राहते. पिशवीतल्या २८ जागा भरल्या की बँकेत जाऊन यायचं. पाहणाऱ्याला यात खेळ कुठे आहे हे कळत नाही. माझ्या नवऱ्यालाही कळलं नाही, त्याने दोनदा विचारलं.

मला वाटतं, खेळ असलाच तर इथेच आहे. हात गुंतलेले, डोकं मोकळं. नुसता व्हिडिओ कॉल लावला तर आमचं बोलणं दहा मिनिटांत "बाकी काय?"वर येतं आणि मग प्रत्येकजण स्वतःचाच चेहरा पाहत बसतो. इथे कुणाचाच चेहरा दिसत नाही. झाड पडतं, थोड्या वेळाने पुन्हा उगवतं, मध्ये कुणी गप्प राहिलं तरी अवघडल्यासारखं होत नाही. गप्प माणूसही काहीतरी करतच असतो. वाल सोलताना बायका जे एकमेकींना सांगतात ते चहाच्या टेबलावर कधी सांगत नाहीत, तसंच हे.

आज असंच तोडता तोडता टोरांटोकर म्हणाली की तिच्या प्रयोगशाळेतली नोकरी डिसेंबरात संपतेय. हे तिने अजून घरीही सांगितलेलं नव्हतं. कुणी घाईने सल्ला दिला नाही. सांगलीकराने विचारलं, "मग परत यायचं मनात आहे का?" ती म्हणाली, "माहीत नाही रे." बराच वेळ फक्त कुऱ्हाडींचे आवाज. नंतर व्हिसा, भाडं, तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन असं सगळं सावकाश बाहेर आलं. मध्येच दुबईकराची पातळी वाढली, फटाके उडाले, आणि तिनेच सगळ्यांत आधी त्याचं अभिनंदन केलं.

हा संथपणा मुद्दाम राखलेला आहे. एका कौशल्याची ९९ वी पातळी म्हणजे १,३०,३४,४३१ गुण. ९२ व्या पातळीला पोचलं की जेमतेम निम्मी वाट सरते. शिवाय सगळा खेळ ०.६ सेकंदांच्या ठोक्यावर चालतो. कुणीही कितीही चपळ असो, दोन ठोक्यांच्या मधे काही घडत नाही. त्यामुळे टोरांटोचं वेगवान इंटरनेट आणि सांगलीचं पावसातलं इंटरनेट जवळपास एका पायरीवर येतात. २०१८ पासून हा खेळ मोबाइलवरही त्याच खात्याने चालतो. दुबईकर मेट्रोतून घरी जाता जाता दोन-चार झाडं पाडून घेतो.

खेळाच्या खिडकीत देवनागरी उमटत नाही. आम्ही रोमन अक्षरांत मराठी लिहितो. आज एक अनोळखी लाकूडतोड्या बाजूला थांबला आणि त्याने त्याच लिपीत विचारलं, "kuthle tumhi?" तो नागपूरचा निघाला. थोडा वेळ आमच्या झाडाला कुऱ्हाड लावून गेला.

गुरुवार. वीज नाही. सांगली नाही. बाकी तिघांनीही खेळ सुरू केला नाही.

श्रावण, शनिवार. पोर्ट सॅरिम ते कॅरामजा

पोर्ट सॅरिमच्या धक्क्यावर पाऊल टाकलं आणि ती धून लागली. इयन टेलर यांची 'सी शँटी २'. प्रत्येक गावाची वेगळी धून आहे आणि तिथे पोचल्याशिवाय ती आपल्या यादीत येत नाही. मला ही धून इतक्या वर्षांनी सुरांसकट आठवत होती. सांगलीकर तर शिट्टी वाजवू लागला.

कॅरामजाचं तिकीट ३० नाणी. तिथे उतरलं की लुथासच्या बागेतली दहा केळी तोडून खोक्यात भरायची, तो ३० नाणी देतो. म्हणजे परतीचं भाडं बेटावरच कमावता येतं. येताना जकात अधिकारी झडती घेतो, रम सापडली तर ती गेली.

आम्ही आलो होतो लॉबस्टरसाठी. चाळिसावी पातळी, एक पिंजरा आणि बराच वेळ लागतो. बेटाच्या या टोकाला बँक नाही, पण केळीच्या बागेजवळचा स्टाइल्स मासे मोजून त्यांच्या नोटा करून देतो, म्हणजे पिशवी पुन्हा मोकळी. एक लॉबस्टर खाल्ला की १२ गुणांची जखम भरते. पुढच्या मोहिमेत क्रँडॉरच्या ड्रॅगनसमोर जायचं तर ही शिदोरी हवीच.

भाद्रपद लागला, रविवार. क्रँडॉर

एल्वार्ग या ड्रॅगनला मारायच्या या मोहिमेला बत्तीस कामगिरी-गुण लागतात. ते जमायला आषाढ आणि श्रावण गेले. मग क्रँडॉरच्या नकाशाचे तीन तुकडे: एक मेल्झारच्या भुलभुलैयात, एक बुटक्यांच्या खाणीतल्या दारामागे, एक पोर्ट सॅरिमच्या तुरुंगातल्या गॉब्लिनकडे. 'लेडी लम्ब्रिज' हे फुटकं जहाज २,००० नाण्यांना विकत घेतलं आणि फळ्या-खिळ्यांनी भोक बुजवलं. ड्रेनॉरचा नेड कप्तान. सरदार होराशियोकडून ड्रॅगनची आग अडवणारी ढाल. ती तो फुकट देतो. शिवाय जहाज किनाऱ्याला लागण्याआधीच जळणार हेही ठाऊक होतं.

एल्वार्ग ८३ व्या पातळीची. तिच्याशी लढाई ज्याची त्यानेच लढायची, मित्रांना हात लावता येत नाही. म्हणून आम्ही कॉलवर आपापला स्क्रीन दाखवत एकेक जण उतरलो आणि बाकीचे कॉलवर लॉबस्टर मोजत बसलो. दुबईकर पहिल्यांदा पडला. पण पडण्याआधी त्याने क्रँडॉरच्या तळातली गुप्त भिंत उघडली होती, त्यामुळे पुढच्या खेपेला जहाज लागलं नाही, कॅरामजाच्या ज्वालामुखीतून थेट पोचला आणि जिंकला. माझी लढाई लवकर आटपली. सांगलीकराच्या वेळी त्याची मुलगी जागी होती, त्यामुळे तलवार कुणाच्या हातात होती हे मी इथे लिहीत नाही.

टोरांटोकर शेवटची, जेवणाच्या सुट्टीत. तिच्याकडे दोन लॉबस्टर उरलेले असताना दुबईकर ओरडला, "आत्ता खा, आत्ता!" तिने खाल्ला नाही. एक वार केला आणि एल्वार्ग कोसळली. ती म्हणाली, "अगं, मला हात थरथरतात म्हणून चमचासुद्धा धरता येत नाहीये," आणि डबा न खाताच कामावर परत गेली.

आता एजव्हिलच्या ओझियाककडे जाऊन चौघांनी रून धातूचं चिलखत घालायची परवानगी घ्यायची आहे. दुबईकर गणपतीला कोल्हापूरला येतोय, सांगलीकरही एक दिवस जाईल म्हणतो. मंगळवारी पुन्हा ड्रेनॉर ठरलंय. यूची झाडं साठाव्या पातळीला तोडता येतात आणि आमच्यातलं कुणीच अजून तिथवर पोचलेलं नाही.