काठीवाचून

मोठा कुत्रा दिवसभर बांधून ठेवला की राखणीला चांगला होतो, असा समज आपल्याकडे रुजला आहे. रॉटवायलरच्या बाबतीत तो घातक आहे. जर्मनीतील रॉटवाइलच्या खाटकांनी गुरे हाकण्यासाठी व गाडी ओढण्यासाठी वापरलेली ही जात. पूर्ण वाढलेला नर साधारण ५० किलो भरतो; त्याच्याशी ताकदीने कोण झुंजणार?

नाशिकरोडला आमच्याकडे पिल्लू आले तेव्हा शेजारच्या चार कुटुंबांनी बजावले होते : एकाही मुलाला ओरखडा आला, तर कुत्रा येथे राहणार नाही. पिल्लू आठ आठवड्यांचे होते. तिसऱ्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ ओळखी जडण्याचा, असे स्कॉट आणि फुलर यांनी १९६५च्या ग्रंथात मांडले आहे. लसी पूर्ण व्हायच्या होत्या, म्हणून आम्ही त्याला कडेवर घेऊन हिंडवले. छत्रीवाले, पेपरवाला, पायघोळ झग्यातले फादर, सारे त्याने हुंगले. फेब्रुवारीतील बाळ येशूच्या यात्रेची गर्दी मात्र दुरूनच दाखवली. घाबरलेल्या पिल्लाला गर्दीत ढकलणे म्हणजे माणसाळवणे नव्हे.

हट्ट तर विलक्षण! ‘बस’ म्हटले की आधी विचार करी. त्याने पट्टा ओढला की आम्ही जागीच उभे; कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायला अर्धा तास लागे. शेजारच्या आजी विचारीत, “अहो, काठी कुठाय?”

जपमाळेला शेजारी जमत. पाचवे रहस्य संपेपर्यंत सतरंजीच्या कडेला स्वस्थ पडून राहायला तो शिकला, तोवर दीड वर्ष उलटले होते. मुले त्याच्या पाठीला टेकून बसतात. आजी मात्र अजून उंबऱ्यापलीकडूनच ‘नमो मरिये’ म्हणतात.