अर्धी गोळी

अब्बांच्या इंतकालनंतर आम्ही त्यांची पत्र्याची पेटी उघडली. आत चष्मा, तस्बीह, मागाच्या हिशेबाची वही आणि हृदयाच्या गोळ्यांची पाकिटे होती. काही गोळ्या मधोमध तोडलेल्या. रोज एक घ्यायची गोळी अब्बा दोन दिवस पुरवत होते. अम्मीलाही ठाऊक नव्हते.

२०१४ साली त्यांना पहिला झटका आला. सरकारी योजनेतून स्टेंट बसला, आमचा एक पैसा लागला नाही. आम्ही अल्लाहचे शुक्र अदा केले. पण दवाखान्यातून घरी आल्यावर गोळ्या दर महिन्याला मेडिकलमधून रोखीने आणायच्या होत्या. आम्ही तेव्हा शिक्षणसेवक, सहा हजारांच्या मानधनावर. बहिणीचे लग्न तोंडावर आलेले. अब्बांनी मागितले नाही, आम्ही विचारले नाही. २०१६ साली दुसरा झटका आला. गोळी पूर्ण घेतली असती तर ते वाचलेच असते, असे आम्ही म्हणत नाही. पण तो सवाल आमच्या घरातून गेलेला नाही.

पुढे डॉ. के. श्रीनाथ रेड्डी यांच्याविषयी वाचले आणि वाटले, या माणसाला आमची पेटी न उघडताच दिसली होती. त्यांचे वैद्यकीय शिक्षण हैदराबादच्या उस्मानिया मेडिकल कॉलेजात झाले. ज्या उस्मानिया विद्यापीठात १९४८ पर्यंत उर्दूतून उच्च शिक्षण मिळत होते, त्याचे नाव आम्हा उर्दू शाळावाल्यांना घरचे वाटते. पुढे ते दिल्लीच्या एम्समध्ये हृदयरोग विभागाचे प्रमुख झाले. २००५ साली पद्मभूषण मिळाले. तेवढ्यावर आयुष्य सुखात गेले असते. पण खाटेवरचा रोगी बरा करताना तो खाटेपर्यंत का आला, हे त्यांनी विचारले. तंबाखूविरुद्ध ते वर्षानुवर्षे बोलत राहिले. २००६ साली स्थापन झालेल्या पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष झाले.

नियोजन आयोगाने २०१० साली सर्वांसाठी आरोग्यसेवेवर तज्ज्ञांचा गट नेमला. त्याचे अध्यक्ष रेड्डीच होते. २०११ च्या अहवालात गटाने सांगितले : आवश्यक औषधे सर्वांना मोफत द्या, आरोग्यावरचा सरकारी खर्च २०१७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्या. गरिबाचा पैसा शस्त्रक्रियेपेक्षा रोजच्या औषधपाण्यात जास्त जातो, हे त्यांनी ओळखले होते. आमच्या अब्बांचे दुखणे नेमके तेच होते.

२०१७ उजाडले, तेव्हा नव्या आरोग्य धोरणाने तोच अडीच टक्क्यांचा वायदा २०२५ वर ढकलला. २०२१-२२ च्या सरकारी हिशेबात हा आकडा १.८४ होता. लोकांच्या खिशातून जाणाऱ्या खर्चाचा वाटा कमी झाला, हेही त्याच हिशेबात आहे. ते नाकारणे बेइमानी ठरेल. पण ज्या घरात गोळी तोडली जाते, त्या घराला टक्के कळत नाहीत.

आम्ही वर्गात अपूर्णांक शिकवतो. अर्धा आणि अर्धा मिळून एक, मुले एका सुरात म्हणतात. आम्ही फळ्याकडे तोंड करून उभे राहतो. आता पालकसभा संपली की मुलांच्या दादा-नानांना थांबवून आम्ही एकच गोष्ट विचारतो, "चाचा, गोळी पूरी घेता ना?" कुणी हसतात. कुणी खाली बघतात. खाली बघणाऱ्यांच्या घरी आम्ही संध्याकाळी जाऊन येतो.