हृदयाचा मंद ध्वनि

मोठा आवाज कोणासही ऐकूं येतो. क्षीण आवाज ऐकावयाचा तर आधीं भोवतालची गलबल दूर सारावी लागते. माणसाच्या छातीवर नळी ठेवल्यावर हें काम किती कठीण होतें, तें मीं गेल्या वर्षीं प्रत्यक्ष पाहिलें.

सन १८१६ मध्यें पॅरिस येथील नेकर रुग्णालयांत लेनेक नांवाच्या डॉक्टरानें कागदाची गुंडाळी करून तिच्यांतून हृदयाचे ठोके ऐकले. आजच्या स्टेथॉस्कोपचा उगम तोच. परंतु नळींतून ठोक्यांबरोबर श्वासाचा आवाज, पोटांतील गुरगुर, स्नायूंचा कंप व कपड्यांची घासणीही येते. शिवाय हृदयाचे बहुतेक ध्वनि खर्जांतले. तेथें आपला कान मुळांतच मंद!

माझ्या धाकट्या बहिणीचा घसा दुखून बरा झाला, आणि कांहीं आठवड्यांनीं तिला ताप येऊन गुडघे व घोटे सुजले. डॉक्टरांनीं खिडकी लावली, पंखा बंद केला, तिला डाव्या कुशीवर वळविलें आणि श्वास सोडून क्षणभर थांबावयास सांगितलें. आई तर स्वतःचाही श्वास रोखून उभी होती. त्या स्तब्धतेंत दोन ठोक्यांच्या मधली बारीक घरघर त्यांस ऐकूं आली. संधिवाताच्या तापानें हृदयाची झडप सुजली होती; पुढें यंत्राच्या तपासणीनेंही तेंच ठरलें. आतां तिला दर तीन आठवड्यांनीं पेनिसिलीनचें इंजेक्शन घ्यावें लागतें. पण ती शाळेंत येते, हें आमचें भाग्य.

विजेचा स्टेथॉस्कोप आवाज वाढवितो. परंतु त्याबरोबर गलबलही वाढते. श्वासाचे व हृदयाचे सूर कांहीं अंशीं एकमेकांत मिसळलेले असल्यामुळें केवळ चाळण लावून भागत नाहीं. तेव्हां शास्त्रज्ञ एक युक्ति करितात. हृदय तालांत चालतें, गलबल बेताल असते. म्हणून सोळा ठोके एकावर एक बसवून त्यांची सरासरी काढिली, तर ठोका कायम राहतो आणि बेताल गलबल सुमारें चौथाईवर येते.

मित्रहो, डॉक्टर नळी लावून ऐकत असतां आपण बोलूं नये. आणि वडील मंडळींस विनंति, कीं मुलाचा घसा दुखून गेल्यावर सांधे सुजले, तर तें किरकोळ समजूं नये. त्या दिवशीं खोलींतील शांतता औषधाइतकीच उपयोगी पडली.