मुक्या बंदुकांचा बाजार

विलायतेस जाणारी आपल्याकडील मंडळी लंडन पाहतात, शेक्सपीअरचें गांव पाहतात आणि परत येतात. बर्मिंगहॅम हें कारखान्यांचें शहर. तेथें मुद्दाम उतरावें असें फारसें कोणास वाटत नाहीं. आम्हीं मात्र त्या बाजूस दोन दिवस काढले. त्या दोन दिवसांत जें पाहिलें, तें ज्यांच्या घरीं जुन्या वस्तु आहेत त्यांच्या उपयोगीं पडण्यासारखें असल्यामुळें येथें सांगत आहों.

मूर स्ट्रीट स्टेशनापासून थोडें चालून गेलें कीं बॅनबरी स्ट्रीटवर विटांची एक जुनी इमारत लागते. हें बंदुकींचें परीक्षागृह. १८१३ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें तें स्थापन झालें. नवी बंदूक विक्रीस जाण्यापूर्वीं तिच्यांत नेहमींपेक्षां अधिक जोराचा बार भरून ती येथें उडवितात. नळी टिकली तर तिजवर छाप मारतात. असेंच दुसरें परीक्षागृह लंडनांत आहे. मौज अशी कीं, १९८८ च्या कायद्यापासून या दोन गृहांकडे अगदीं उलट कामही आलें. लष्करी बंदूक पुन्हा उडणार नाहीं अशी निकामी झाली किंवा नाहीं, हें तपासून तिजवर छाप मारावयाची व दाखला द्यावयाचा. ज्या जोशीबोवांनीं जन्मपत्रिका मांडली, त्यांनींच मृत्यूचा दाखलाही द्यावा, तसा हा प्रकार!

अशा मुक्या बंदुकांचा लिलाव जवळच्याच एका गांवीं होता. लिलावाच्या आदल्या दिवशीं माल पाहूं देतात; म्हणून आम्ही प्रथम तेथें गेलों. लांब मेजांवर रायफली, संगिनी, शिरस्त्राणें, पट्टे व पदकें क्रमांकवार मांडलेलीं होतीं. बहुतेक गिऱ्हाईक वयस्क. कोणाच्या हातीं भिंग, कोणाच्या हातीं विजेची बत्ती. रायफलीच्या नळीस खांच पाडलेली, आंत पोलादी गज घालून सांधलेला, चाप ओढल्यावर काडतुसावर आदळणारी कील काढून टाकलेली. पूर्वीं निकामी केलेल्या बंदुकींचे कांहीं भाग हलत असत. २०१६ पासून युरोपचे नवे नियम आले, तेव्हांपासून ते सांधूनच टाकतात. शिवाय २०१७ च्या कायद्यामुळें जुन्या पद्धतीची बंदूक नव्या नियमांप्रमाणें पुन्हा निकामी केल्यावांचून विकतां येत नाहीं. म्हणून जाणता गिऱ्हाईक आधीं दाखला पाहतो, मग बंदूक. हातोडा पडला त्या दरावर लिलावगृहाचें वर्तन निराळें द्यावें लागतें, हेंही त्यास पाठ असतें.

एका ली-एनफील्ड रायफलीवर मुकुटाखालीं 'ईशापूर' व '१९४२' अशीं अक्षरें दिसलीं. बंगालच्या कामगारांनीं घडविलेली ती बंदूक कोणत्या आघाडीवर गेली, कोणाच्या खांद्यावर होती, तें सांगणारें तिजवर कांहींच नव्हतें. मालाची परीक्षा झाली होती, दाखला झाला होता. माणूस तेवढा गळाला होता.

शेजारच्याच तबकांत पहिल्या महायुद्धाचें एक रुपेरी पदक होतें. त्या युद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नांव व पलटण उठविलेली असते. हें पदक ११० व्या मराठा पलटणीच्या एका शिपायाचें निघालें. त्याचे वंशज कोठें तरी असतील, म्हणून नांव येथें देत नाहीं. कूत-अल-अमारा येथील वेढ्यांत ही पलटण होती. डिसेंबर १९१५ पासून उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजीं तेथील फौज तुर्कांस शरण गेली, आणि पुढें कैदेंत असंख्य लोक मेले. आमचा हा शिपाई त्यांत होता कीं नव्हता, तें पदक सांगत नाहीं. परंतु नांव आहे तेथवर शोधाची वाट उघडी आहे.

दुसऱ्या दिवशीं आम्हींही हात वर केला. बोली आमच्या आटोक्याबाहेर गेली व पदक एका वृद्ध इंग्रज गृहस्थानें घेतलें. मागाहून तो भेटला. मराठा पलटणींचीं पदकें तो कित्येक वर्षें जमवीत होता, आणि त्यांचा इतिहास त्यास आमच्याहून अधिक अवगत होता. त्यानें सहज विचारलें, "त्याच्या गांवीं कोणी त्याची आठवण ठेविली आहे काय?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

नांवाचें मोल किती, याचें एक उदाहरण महाराष्ट्रांत ताजें आहे. २९ एप्रिल २०२५ रोजीं लंडनांत सदबीजच्या लिलावांत नागपूरकर पहिले राघोजी भोसले यांची तलवार आली. सरकारला लिलावांत थेट उतरतां येईना, म्हणून महाराष्ट्र सरकारनें मध्यस्थामार्फत ती घेतली. सर्व खर्च धरून सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये पडले. १८ ऑगस्ट २०२५ रोजीं ती मुंबईस पोंचली. पातें युरोपांतलें, सरळ व एकधारी. तशीं फिरंगी पातीं हिंदुस्थानांत पुष्कळ आलीं. पण हिच्यावर देवनागरींत राघोजींचें नांव व 'सेनासाहेबसुभा' हा किताब आहे. तीं अक्षरें नसतीं, तर हजारांतली एक म्हणून ती कोणाच्या तरी भिंतीवर गेली असती.

आतां आपल्या घराकडे वळूं. कित्येक वाड्यांत खंडेनवमीस पुजली जाणारी एखादी तलवार, कट्यार किंवा पदक असतें. शंभर वर्षांवरील अशा वस्तु परदेशीं पाठविण्यास १९७२ च्या कायद्यानें खासगी माणसास मनाई आहे. परंतु वांटणीच्या वेळीं त्या मोडींत जातात, त्यास कोणता कायदा आड येणार? ज्यांना हकीकत ठाऊक, ते आजोबा-आजी गेले कीं तलवार म्हणजे नुसतें लोखंड.

तेव्हां वडील मंडळी आहेत तोंवर त्यांस विचारावें: ही वस्तु कोणाची, कोठून आली, घरीं कोणी आणिली? तें साध्या कागदावर तारखेसह लिहून वस्तूबरोबर ठेवावें. येत्या नवमीस पूजेच्या तबकांत फुलांशेजारीं तो कागदही असावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.