सुतक नसलेलं दुःख

बाबा गेले तेव्हा बेटेगावातलं आमचं घर माणसांनी भरून गेलं होतं. शेजारून पिठलं-भात आला, दहावं-तेरावं झालं, रडायला सोबत मिळाली. आमचा कुत्रा मोती गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी बोईसरला पहिल्या पाळीला जावं लागलं. रजेच्या अर्जावर कारण काय लिहिणार? दारावरचे त्याच्या नखांचे ओरखडे मात्र मी रंगवू दिले नाहीत.

पितृपक्षात आपण कावळा, गाय, कुत्रा यांच्यासाठी घास काढतो. पितरांपर्यंत पोचायला मुकी जनावरं चालतात, मग त्यांचं सुतक का नसावं? रायगडावर शिवसमाधीजवळ वाघ्या कुत्र्याचा पुतळा १९३६ मध्ये उभा राहिला. त्याने महाराजांच्या चितेत उडी घेतल्याच्या कथेच्या खरेपणावर वाद आहे. मुक्या जिवाच्या इमानाला मात्र पुरावा लागत नाही. आता कुणाचं जनावर गेलं की मी त्या घरी भेटायला जातो.