आजीचा आवाज

पदवीच्या प्रकल्पासाठी मी वारीवर एक चित्रफीत केली होती. पार्श्वभूमीला तुकोबांचा अभंग, तोही एका नामवंत गायकाच्या स्वरात. तुकोबांवर कसला आला स्वामित्वहक्क, असे मला वाटे. मार्गदर्शकांनी समजावले : शब्द सर्वांचे, ध्वनिमुद्रण मात्र नव्हे. १९५७ च्या कायद्यान्वये त्यावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. अध्ययन-अध्यापनाला, समीक्षेला कायदा काही सवलती देतो खरा. पण मला ती फीत महाजालावर ठेवायची होती, आणि तेथे अभ्यासाची सबब पुरेशी नव्हती. अखेर आजीला गायला बसवले. तिचा सूर मध्येच तुटे. लेखी संमती मागताच ती हसली, सही करताना म्हणाली, "माझ्या आधी तुकोबांचं नाव घाल." श्रेयनामावलीत तोच क्रम आहे.