ज्या पाण्याचे त्याच पाण्यात

स्वच्छता व्यापारी घरांच्या अंगवळणी पडलेली असते. आखाडा बाळापूरच्या आमच्या घरी नातवाने मत्स्यपेटीचा शेवाळलेला फिल्टर त्याच उत्साहाने नळाखाली लख्ख धुतला. दुसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले.

माशांच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो. फिल्टरच्या स्पंजवर वसलेले जीवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग बरेच सौम्य असे नायट्रेट करतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने हे जीवाणू मरतात आणि पेटीत विष साचते.

आम्ही क्लोरीननाशक घालून पाव हिस्सा पाणी रोज बदलले, हवेचा पंप अखंड चालू ठेवला, दोन दिवस खाद्य थांबवले. सातपैकी पाच मासे वाचले. जीवाणूंची वस्ती पुन्हा बसण्यास काही आठवडे लागतात. तोवर खाद्य बेतानेच द्यावे.

आता पेटीतूनच काढलेल्या पाण्यात स्पंज हलकेच पिळला जातो. पाणी गाळल्यावर जिवाणी ज्या पाण्याची त्याच पाण्यात सोडावी, हा नियम आपल्या आजी-पणजींनी पाळला. मळ दिसतो तेथेही जीव असतो, आणि कधी त्याच्याच आधारे दुसरा जीव जगत असतो.